किमान

कॉलेजच्या शेताच्या कडेला पांढरी लाकडी पेटी,
चार पायांवर उभी, झडपांची.
सकाळी सातला मी तिचं दार उघडते
आणि आडव्या नळीला डोळा लावते.
नळीतल्या स्पिरिटमध्ये एक बारीक काडी असते.
रात्र उतरत जाते तशी ती मागे मागे ओढली जाते,
आणि जिथे सगळ्यात जास्त गारठलं
तिथेच पडून राहते, नंतर ऊब आली तरी.

लोक म्हणतात पारा. हा पारा नाही.
पण पेपरवाल्याला पाराच लागतो.
"मॅडम, आज किती?"
पाच पूर्णांक दोन.
"वा!" तो म्हणतो, जणू मी पेढे दिले.
उद्या छापून येईल, धुळे गारठले,
वर शेकोटीचा फोटो, गेल्या वर्षीचाच,
तेच हात, तोच धूर.

पेटीचा नियम असा:
वारा आत यावा, ऊन येऊ नये.
देवपुरातल्या आमच्या दोन खोल्यांनी
हा नियम कुठे वाचला कोण जाणे.
खिडकीच्या फुटक्या तावदानात तांदळाची गोणी,
दाराच्या फटीत नवऱ्याची जुनी लुंगी,
गादीखाली सहा महिन्यांचे पेपर
(त्यात माझेच आकडे असतील, पाठीखाली).
खोबरेल बाटलीत दगड झालेलं.
पहाटे पत्र्याला आतून घाम फुटतो
आणि एकच थेंब नेमका मानेवर पडतो,
रोज, हिशोब असल्यासारखा.

नवरा जिनिंगला रात्रपाळीला.
जाड गोधडी तो घेऊन जातो.
घरात उरतो आम्ही दोघी,
मी आणि नणंद कोकिळा.
आखाजीपासून आमचं बोलणं नाही.
कारण सांगण्याजोगं राहिलेलं नाही;
एक पातेलं होतं, आणि एक शब्द,
पातेलं कधीच सापडलं.

तरी संध्याकाळी ती पऱ्हाट्याच्या काड्या मोडते,
मी चूल फुंकते.
कळण्याची भाकरी दोघी एकाच तव्यावर टाकतो,
आळीपाळीनं, न बोलता.
मग निखारे घमेल्यात, घमेलं मध्ये,
आणि दार चार बोटं उघडं.
चार बोटांतून रात्रभर गार येतं,
पण दार लावून झोपलेल्या माणसांच्या गोष्टी
आम्ही दोघींनी ऐकलेल्या आहेत.

काल निखारे लवकर राख झाले.
मी पाय पोटाशी घेतले,
साडीची घडी गुडघ्यांवर, तिच्यावर स्वेटर,
स्वेटरवर टॉवेल. गिधाडासारखी बसली थंडी, उठेना.
किती वाजले होते ठाऊक नाही.
अंधारात जड काहीतरी अंगावर आलं,
तिची वाकळ.
मग माझी वाकळ तिनं ओढून तिच्यावर पसरली,
आणि आत आली.

दोन वाकळांखाली दोन बायका,
पाठीला पाठ.
तिचे पाय माझ्या पोटऱ्यांना लागले,
विहिरीतून काढलेल्या कळशीसारखे.
मी काढून घेतले नाहीत पाय.
तिनंही नाही.
बऱ्याच वेळानं ती भिंतीला म्हणाली,
"हिव वाजी ऱ्हायनं का?"
मी भिंतीला सांगितलं, नाही.
वाजत होतं.

सकाळी काडी पाचच्या किंचित वर पडलेली.
आकडा वहीत लिहिला, फोन झाला.
मग नळी तिरकी करायची असते,
काडी घसरत पुढे जाते, स्पिरिटच्या टोकाला टेकते.
रात्र पुसली.
एरवी मी हे बोटाच्या सवयीनं करते.
आज नळी थोडा वेळ तशीच धरली,
हात बधिर होईपर्यंत.

घरी आले तेव्हा कोकिळा ओट्यावर,
खोबरेलाची बाटली काखेत धरून वितळवत.
चहा झाकून ठेवलेला, बशीखाली.
तिनं वर पाहिलं नाही.
"किती व्हतं?"
पाच पूर्णांक दोन, मी म्हटलं.
तिनं बाटली काखेतून काढली, हलवली,
उन्हाच्या पट्ट्यात ठेवली.
"इतलं कुठे व्हतं," ती म्हणाली.